काटा, काडी, काजळी: आशियातलं हाताने गोंदणं आणि त्यावर आलेल्या बंद्या

ठिपकेदार (धागालेखक)

गोंदण म्हटलं की आपल्याला हनुवटीवरचे हिरवे ठिपके आठवतात आणि टॅटू म्हटलं की यंत्राची घरघर. या दोन्हींच्या मधे केवढा तरी मोठा प्रदेश आहे, त्याच्यासाठी हा धागा. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी आशियात हाताने गोंदण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती होत्या. त्यांतल्या दोन अजून जिवंत आहेत.

पहिली रीत टोचण्याची. सुया काडीच्या टोकाला सरळ बांधलेल्या असतात आणि हात त्या पुढे ढकलतो. जपानचं 'तेबोरी', थायलंडचं 'साक यांत' आणि आपलं गोदना-गोंदण यातच येतं. दुसरी ठोकण्याची. यात काटा काडीला काटकोनात असतो आणि दुसऱ्या काडीने त्या काडीवर ठोकतात. फिलिपिन्समधले कलिंगा, बोर्निओतले इबान आणि कायान, तैवानमधले अतायाल हे असं गोंदत. तिसरी चिरण्याची. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या ऐनू बायका ओठांभोवती बारीक सुरीने चिरा देत आणि भूर्जाची साल जाळून धरलेली काजळी त्यांत चोळत. ही तिसरी रीत जवळजवळ संपली.

तिन्ही रीतींत गाठायचं ठिकाण एकच, कातडीच्या पृष्ठभागाखाली साधारण एक ते दोन मिलिमीटर. त्याहून वर राहिलं तर शाई बाह्यत्वचेतच अडकते आणि महिन्याभरात कातडीबरोबर झडून जाते. त्याहून खाली गेलं तर ती चरबीच्या थरात उतरून पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली धरते. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि पावलावर कातडी पातळ असते, म्हणून तिथे हे जास्त घडतं. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा खोलीचीच असते.

ज्यांना एखाद्या रीतीची नीट माहिती आहे त्यांनी साधनं, शाई आणि क्रम तपशिलात लिहावं ही विनंती. "प्राचीन परंपरा", "गूढ शक्ती" असल्या गोलमाल वाक्यांनी धागा भरू नये.

---

वेताची_काठी

कलिंगांच्या 'बातोक'बद्दल, म्हणजे ठोकून केलेल्या गोंदणाबद्दल, लिहितो. ठिकाण फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरचं, कलिंगा प्रांताच्या तिंगलायान भागातलं बुस्कालान गाव. १९१७ साली जन्मलेल्या आपो वांग-ओद या गोंदणाऱ्या बाईंमुळे ते जगाला माहीत झालं. एप्रिल २०२३ मध्ये वयाच्या १०६व्या वर्षी त्या 'व्होग फिलिपिन्स'च्या मुखपृष्ठावर आल्या.

साधनं मोजून चार. पपनसाच्या झाडाचा काटा. तो टोकाला आडवा खोचलेली हातभर बांबूची काडी. ठोकायला दुसरी, जरा जड काडी. आणि काजळी व पाणी कालवायला नारळाची करवंटी. काजळी भांड्याच्या बुडाची किंवा लाकूड जाळून धरलेली. पातळ झाली तर रेघ फिकी येते, घट्ट झाली तर काट्याच्या टोकावरच सुकते आणि जखमेत उतरत नाही.

आधी गवताची काडी त्याच शाईत बुडवून नक्षीच्या रेघा कातडीवर छापून घेतात. मग ठोकणं सुरू होतं, मिनिटाला सुमारे शंभर ठोके. एका रेघेवरून एकदा जाऊन भागत नाही, रक्त पुसून पुन्हा त्याच रेघेवर यावं लागतं, कारण पहिल्या फेरीत ठिपक्यांमधे फटी राहतात. खरी अडचण ताणाची असते. गोंदणाऱ्याचे दोन्ही हात काड्यांत गुंतलेले, म्हणून कातडी ताणून धरायला बाजूला माणूस लागतो किंवा काडी धरलेल्या हाताच्या कडेने दाब द्यावा लागतो. ताण सुटला की काटा कातडीवर उसळतो आणि रेघ करवतीसारखी दातेरी होते.

काटा एका माणसाला एकच वापरायचा. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत रक्त शिरतं, ते धुऊन निघत नाही. शिवाय काही हजार ठोक्यांनंतर टोक बोथट होतं, मग ते टोचत नाही, ठेचतं. तशी जागा सुजून वर येते आणि भरल्यावर रेघ खडबडीत राहते.

पूर्वी कलिंगा पुरुषाला छातीवरचं गोंदण शत्रूला मारल्यावर मिळे, बाईला हातांवरचं गोंदण शृंगार म्हणून. आज येणाऱ्या पर्यटकाला त्यांतलं काही मिळत नाही. ठरावीक फळ्यावरच्या नक्ष्यांतली एक मिळते, नाहीतर वांग-ओद यांची खूण म्हणजे तीन ठिपके. त्यांनी विद्या आपल्या भावंडांच्या नातींना दिली, कारण रक्ताच्या नात्याबाहेर दिली तर जखम चिघळते अशी समजूत आहे. २०२१ मध्ये एका परदेशी ऑनलाइन शिकवणीने त्यांच्या नावाचा अभ्यासक्रम काढला तेव्हा घरच्यांनी आक्षेप घेतला आणि तो काढून टाकावा लागला. मला तो आक्षेप शंभर टक्के योग्य वाटतो. संपूर्ण जमातीची विद्या करारावर उमटवलेल्या एका अंगठ्यावर विकत घेता येत नाही.

---

शाईदौत

शाईबद्दल माझी भर. भारतातल्या जुन्या कृती वाचल्या की आपल्या परसातलीच झाडं भेटतात.

तमिळ मुलखात 'पच्चै कुत्तु'ची शाई अशी करत: हळदपूड आणि हादग्याचा पाला एकत्र वाटायचा. ते वाटण पातळ सुती कापडात गुंडाळून त्याची वात करायची. एरंडेलाच्या दिव्यात ती पेटवून वर मातीचं भांडं पालथं धरायचं. आत धरलेली काजळी खरवडायची आणि पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात कालवायची. नक्षी आधी बोथट काडीने काढायची, मग तीन-चार शिवणाच्या सुया एकत्र बांधून टोचायचं, शेवटी थंड पाण्याने धुऊन वर तेल-हळद.

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी-मंडला पट्ट्यात बैगा बायकांचा गोदना बादी समाजाच्या बायका करत आल्या. तिथली काजळी रामतिळाची, म्हणजे आपल्या कारळ्याची. कपाळावरच्या खुणेपासून सुरुवात होते आणि लग्नाआधी-नंतर पाठ, मांड्या, पोटऱ्या असा विस्तार होत जातो. ऋतू थंडीचा निवडतात, कारण पावसाळ्यात जखम ओली राहते.

आता नेहमीचा प्रश्न: काजळी काळी, मग गोंदण हिरवं का? हळदीमुळे नाही आणि पाल्यामुळेही नाही. ते दोन्ही जळून नुसता कार्बन उरलेला असतो. कार्बनचे कण कातडीच्या आत असल्यामुळे आपण ते कातडीतून पाहतो. लाल प्रकाश खोल शिरून कार्बनमध्ये शोषला जातो, निळा मात्र वरच्या थरांत विखरून परत येतो. शिरा निळ्या दिसतात त्यातही हा भाग आहेच. त्यावर आपल्या कातडीची पिवळी-तपकिरी छटा चढली की डोळ्याला हिरवं दिसतं. गोऱ्या कातडीवर तीच शाई निळी दिसते.

आणि गोंदण टिकतं कसं, तर शाई तिथे नुसती पडून राहत नाही. शरीरातल्या भक्षक पेशी ते कण गिळतात पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. दर फेरीत थोडे कण इकडेतिकडे सरकतात, म्हणून म्हातारपणी रेघ रुंद होते. जुन्या नक्ष्या ठिपक्यांच्या आणि मोकळ्या अंतराच्या का असतात ते इथे कळतं. तीन-चार सुयांच्या झुपक्याने बारीक अक्षरं गोंदवली तर चाळीस वर्षांत 'म' आणि 'भ' सारखेच दिसतात. तुळशीच्या नक्षीचं मात्र काही बिघडत नाही.

---

नवखा_वाचक

फार छान माहिती. एक शंका. इतकी जुनी कला असेल तर जपानमध्ये गोंदलेल्या माणसाला गरम पाण्याच्या झऱ्यावर का येऊ देत नाहीत? ती तिथली "संस्कृती" आहे असंच नेहमी ऐकतो.

---

दूरदेशी

@नवखा_वाचक, त्या नाराजीला तारखा आहेत. त्या पाहिल्या की "संस्कृती" हा शब्द अपुरा वाटू लागतो.

१७२० मध्ये शोगुन (जपानचे लष्करी शासक) योशिमुने यांच्या काळात नाक-कान कापण्याच्या शिक्षेऐवजी गुन्हेगाराला गोंदण्याची शिक्षा आली. एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, ती दंडावर पट्टे गोंदून देत. म्हणजे डाग राज्याने दिला. त्याच शतकात आणि पुढच्यात शहरातले आग विझवणारे, पालखी उचलणारे, मजूर हौसेने अंगभर गोंदू लागले. उतागावा कुनियोशी यांनी १८२७ च्या सुमारास १०८ चिनी वीरांची छापील चित्रं काढायला घेतली. त्यांतले गोंदलेले वीर इतके लोकप्रिय झाले की ड्रॅगन, कोई मासा, पिओनी ही नक्षी तिथूनच पाठींवर उतरली.

मग शोगुनशाही गेली आणि सम्राट मेइजींचं सरकार आलं. १८७१ मध्ये ऐनू बायकांच्या गोंदणावर बंदी, १८७२ मध्ये सगळ्यांवरच, १८९९ मध्ये ओकिनावातल्या बायकांच्या हातांवरच्या 'हाजिची'वर. कारण असं की पाश्चात्त्यांना आपण रानटी दिसू नये. आणि त्याच सुमारास, १८८१ मध्ये, इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, जो पुढे पाचवा जॉर्ज झाला, जपानमध्ये येऊन हातावर गोंदवून गेला! बंदी १९४८ मध्ये उठली, पण ७६ वर्षं चोरून चाललेली गोष्ट तोवर गुन्हेगारी टोळ्यांशी जोडली गेली होती.

अलीकडची स्थिती: पर्यटन खात्याच्या २०१५ च्या पाहणीत उत्तर दिलेल्या स्नानगृहांपैकी सुमारे ५६ टक्के ठिकाणी गोंदलेल्यांना प्रवेश नव्हता, सुमारे ३१ टक्के ठिकाणी होता, १३ टक्के ठिकाणी झाकलं तर चाले. २०१३ मध्ये होक्काइदोत हनुवटीवर गोंदण असलेल्या एका माओरी बाईंना परत पाठवलं गेलं. ज्या बेटावर ऐनू बायकांच्या ओठांभोवती गोंदण असे, तिथेच. मला याची फार खंत वाटते. जाणाऱ्यांसाठी व्यवहारातलं: खोली घेताना तासावर मिळणारी खासगी न्हाणी आहे का ते विचारा, आणि गोंदण लहान असेल तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी चालेल का हे आधी कळवून विचारा. दारात वाद घालून काही होत नाही.

तेबोरीची रीतही सांगतो. काडीला रेशमी दोऱ्याने सुया बांधतात. रेघेला थोड्या, छटेला दोन-तीन ओळींत पुष्कळ. डाव्या हाताचा अंगठा कातडी ताणतो आणि त्याच अंगठ्यावर काडी टेकून तरफेसारखी चालते, शाईचा कुंचला डाव्याच बोटांत धरलेला असतो. म्हणून इथे ताणायला दुसरा माणूस लागत नाही. सुई बाहेर काढताना टोकाला किंचित उचल देतात, त्यामुळे शाई आत सुटते. काळ्यापासून राखाडीपर्यंतची उतरती छटा हे या रीतीचं खरं सामर्थ्य. आता पुष्कळ जण रेघा यंत्राने काढतात आणि छटा हाताने भरतात. पूर्ण पाठ आठवड्याला एक बैठक धरली तरी वर्षाच्या वर जाते.

---

सह्यकडा

दूरदेशी, बहुतेक मुद्दे पटले, पण एक दुरुस्ती. नाराजी सगळी पाश्चात्त्यांच्या भीतीने आली असं होत नाही. १७२० ची शिक्षा मेइजीच्या दीडशे वर्षं आधीची आहे, आणि अंग खराब करू नये हा कन्फ्युशियसी विचार चीन-कोरियात त्याहूनही जुना.

आपल्याकडचं उदाहरणही विसरू नये. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवायला सुरुवात केली. शब्द तोच, 'गोदना'. ज्या कपाळावर बायका हौसेने गोंदवत, त्याच कपाळावर सरकारने गुन्हा लिहिला. ती शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. त्यामुळे "आशियाला टॅटूचा तिटकारा" आणि "आशियात टॅटू पवित्र" ही दोन्ही विधानं मला सारखीच निरुपयोगी वाटतात. कुणी, कुणाच्या अंगावर, कुणाच्या मर्जीने गोंदलं, हे विचारल्याशिवाय काही कळत नाही.

---

दूरदेशी

दुरुस्ती मान्य. मर्जीचा मुद्दा चांगला काढलात.

कायद्यांचं पुढचंही सांगून टाकतो. जपानमध्ये २०१५ नंतर एका गोंदणाऱ्यावर "परवान्याविना वैद्यकी" केल्याचा खटला झाला. २०१७ मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने दीड लाख येन दंड केला, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंदणं म्हणजे वैद्यकी नव्हे असं ठरवलं. दक्षिण कोरियात उलट होतं. १९९२ च्या निकालाने गोंदणं हे डॉक्टरचं काम ठरलं, त्यामुळे भुवया कोरून देणाऱ्या बायकांसह हजारो लोक रोज कायदा मोडतच धंदा करत होते. २०२२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी तेच कायम ठेवलं. शेवटी २५ सप्टेंबर २०२५ रोजी संसदेने परवाना देणारा कायदा केला. अंमल दोन वर्षांनी आहे.

चीन दुसऱ्या दिशेला चालला आहे: डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय फुटबॉलपटूंना नवीन गोंदण बंद, जून २०२२ मध्ये अल्पवयीनांना गोंदणं बंद. यातली दुसरी बंदी मला योग्यच वाटते.

---

त्वचावाचक

आरोग्याचा भाग कुणीतरी लिहायलाच हवा, म्हणून जरा रुक्ष मुद्दे.

जत्रेतल्या बॅटरीच्या यंत्राने गोंदवू नका. सुई बदलली तरी शाईची वाटी तीच असते, आणि सुई दर काही सेकंदांनी त्या वाटीत बुडते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी तग धरतो. पोलादी सुई ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं निर्जंतुक होते. नुसत्या उकळत्या पाण्यावर किंवा स्पिरिटवर विसंबू नये. काटा आणि बांबू मात्र वापरून टाकून द्यायचे. हाताने गोंदवणार असाल तर तुमच्यासमोर नवा काटा खोचला जातोय ना आणि शाई ताजी, वेगळ्या वाटीत घेतली ना, एवढं पाहा. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात, परदेशी जाण्याच्या आठवडाभर आधी आठवण येऊन उपयोग नाही.

जखमेवर राख, माती, शेण लावू नका. धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात. कोमट पाणी, साधा साबण, टिपून कोरडं करणं, पातळ मलम. खपली काढली तर तिच्याबरोबर शाई येते आणि तिथे पांढरा ठिपका उरतो. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, तोवर नदी, तलाव, पोहणं बंद. खांदा, छातीचा वरचा भाग आणि कानाची पाळी इथे आपल्या लोकांना केलॉइड (जखमेबाहेर वाढत जाणारा जाड व्रण) लवकर येतो. घरात कुणाला असेल तर तिथे गोंदवू नये.

गोंदवल्यावर भारतात बारा महिने रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीचा नियमही मुलांना सांगा: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचं गोंदण चालतं, इतरत्र नाही. आदिवासी उमेदवारांना जमातीच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, पण ती दाखवावी लागते.

काढून टाकायचं असेल तर काजळीचं गोंदण लेसरला सगळ्यात सोपं. सावळ्या कातडीवर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग वापरतात, बैठकींमधे सहा ते आठ आठवडे. कमी तरंगलांबीचा लेसर कातडीतलं मेलॅनिनच जाळतो आणि ठिपक्याच्या जागी कायमचा पांढरा डाग येऊ शकतो, म्हणून यंत्र कोणतं हे विचारल्याशिवाय झोपू नका.

---

ठिपकेदार

सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्निओचं राहिलं होतं.

इबान तरुण घर सोडून दूर मुलखात जायला निघाला की दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूला 'बुंगाई तेरुंग' गोंदवतो. शब्दशः अर्थ वांग्याचं फूल. मधे वळत गेलेली गुंडाळी असते ती बेडूकमाशाच्या पोटातल्या आतड्याची, तिला जीवनाचा दोर म्हणतात. जोडी खांद्यांवर, कारण पाठीवरच्या ओझ्याचे पट्टे तिथेच येतात. शेजारच्या कायान लोकांत गोंदणाऱ्या बायका असत आणि नक्षी लाकडी ठशाने कातडीवर छापून घेत, आपल्या कापडावरच्या ठशासारखी. हल्ली हे फूल जगभर पाठीवर, पायावर, एकेरी, कुठेही काढलेलं दिसतं. बोर्निओतल्या सारावाकच्या लोकांना ते खटकतं, आणि खटकावंच.

जागेचं हेच बुद्धाच्या चित्राबाबत. थाई आजार्न, म्हणजे गोंदणारे गुरू, 'साक यांत' कमरेच्या वर गोंदतात. वर्षातून एकदा मार्चमध्ये नाखोन पाथोमच्या वात बांग फ्रा विहारात गुरुवंदनेला गोंदलेले लोक जमतात. पण दंडावर बुद्धाचं चित्र घेऊन श्रीलंकेला गेलेल्या एका ब्रिटिश बाईंना एप्रिल २०१४ मध्ये अटक करून परत धाडलं. २०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आठ लाख श्रीलंकी रुपये भरपाई दिली. कोलंबोला जाताना दंडावर तसं चित्र असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

---

शाईदौत

एक शेवटचं काम सुचवते. घरोघरी सत्तरी-ऐंशीतल्या बायकांच्या अंगावर गोंदण आहे आणि ते कुठेही नोंदलेलं नाही. फोटो असे घ्या: आधी त्यांची परवानगी, आणि मान-दंडाखालचं काही असेल तर फोटो कुणाला दाखवणार हेही आधीच सांगून. हात ओल्या फडक्याने पुसा, तेल लावू नका, चकाकी येते. फ्लॅश बंद, खिडकीतला उजेड एका बाजूने. सुरकुतलेली कातडी दोन बोटांनी हलके ताणा, नाहीतर ठिपक्यांची संख्या चुकते. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा आणि कोपर किंवा मनगट चौकटीत येऊ द्या, म्हणजे नक्षीची दिशा कळते. ज्यांच्याकडे अवरक्त फिल्टर काढलेला जुना कॅमेरा आहे त्यांनी ८५० नॅनोमीटरच्या दिव्यात एक फोटो घ्यावा. मेलॅनिन त्या प्रकाशात जवळजवळ पारदर्शक होतं आणि कार्बन काळाच राहतो, त्यामुळे साध्या डोळ्यांना पुसट वाटणारी नक्षी ठळक उमटते.

नक्षीचं नाव मात्र त्यांच्याच शब्दांत लिहा. त्या "पाळणा" म्हणाल्या तर पाळणा, आपल्याला ते कमळ वाटलं तरी. कुठल्या गावात, कुठल्या वयात, कुणी गोंदलं आणि मोबदला काय दिला, धान्य की पैसे, तेही विचारा.